अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव राज्य मतपत्रिकेवरून गाळू शकतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३च्या डिसेंबरात कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव प्राथमिक निवडणुकीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, मतपत्रिकेवरून काढायचा आदेश दिला. तेव्हापासून वाचक या विषयावर प्रश्न पाठवत आले आहेत. काही प्रश्न पुण्या-नाशकातून येतात, काही न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातून. बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका असते: अध्यक्ष साऱ्या देशाचा, मग एका राज्याने उमेदवाराला अडवायचं कोणत्या अधिकाराने? सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अवघड अपवाद शेवटी आहेत. एकच मुद्दा दोनदा येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक घेतं कोण, केंद्र सरकार की राज्यं?

राज्यं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार प्रत्येक राज्य आपले निर्वाचक, म्हणजे अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, नेमतं, आणि ते कसे नेमायचे हे त्या राज्याचं विधिमंडळ ठरवतं. मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो, पण कायद्याने ते मत त्या उमेदवाराच्या निर्वाचकांना जातं. एकूण निर्वाचक ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. मतदानाचा दिवस काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठरवून दिला आहे. मतपत्रिका कशी असावी, अर्जाची मुदत कधी संपते, सह्या किती लागतात, हे मात्र पन्नास राज्यांचे पन्नास कायदे सांगतात. वॉशिंग्टन डी.सी.चा कायदा आणखी वेगळा.

म्हणून साऱ्या देशाची अशी एक मतपत्रिका तिथे नसते. एखादं नाव टेनेसीत असतं आणि शेजारच्या राज्यात नसतं. यात कुणाला काही नवल वाटत नाही.

२. आपल्यासारखा निवडणूक आयोग तिथे नाही का? मग अर्जांची छाननी कोण करतं?

नाही. आपल्याकडे निवडणूक निर्णय अधिकारी छाननीत अर्ज बाद करतो तेव्हा त्याच्या मागे देशभरासाठी एकच कायदा आणि एकच आयोग असतो. अमेरिकेत फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण तिचं काम निवडणुकीतल्या पैशावर लक्ष ठेवणं एवढंच.

छाननी राज्यात होते, आणि बहुतेक ठिकाणी ती सेक्रेटरी ऑफ स्टेट हा राज्याचा अधिकारी करतो. देशाच्या परराष्ट्रमंत्र्याचा हुद्दाही हाच असल्याने बातम्या वाचताना गोंधळ होतो, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोलोरॅडोत हे पद लोकांच्या मतांनी भरलं जातं, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं, तर न्यूयॉर्क आणि इलिनॉयमध्ये हे काम निवडणूक मंडळाकडे असतं.

माझ्या मते या व्यवस्थेतला सगळ्यात नाजूक भाग इथेच आहे. हा अधिकारी बहुतेकदा एखाद्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. २०११ साली अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं. अध्यक्षपदाच्या प्रत्येक उमेदवाराने जन्माचा दाखला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे द्यावा, अशी त्यात अट होती. बराक ओबामांच्या जन्मस्थळाबद्दल अफवा पिकल्या होत्या तो हा काळ. गव्हर्नर जॅन ब्रूअर रिपब्लिकन होत्या, तरी त्यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्या स्वतः पूर्वी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या, आणि एकाच माणसाच्या हाती असा अधिकार देणं त्यांना मान्य नव्हतं. स्वपक्षाच्या लाटेविरुद्ध घेतलेला तो निर्णय मला आजही मोलाचा वाटतो.

३. अध्यक्ष होण्यासाठी पात्रता नेमकी काय लागते?

मूळ घटनेत तीन अटी आहेत: वय किमान ३५ वर्षं, अमेरिकेत १४ वर्षं वास्तव्य, आणि जन्मापासूनचं नागरिकत्व. १९५१ साली मंजूर झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने चौथी अट आणली, ती म्हणजे कुणीही दोनापेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येऊ शकत नाही. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं कलम ३ आहे, त्याबद्दल प्रश्न ९ पाहा. महाभियोगात दोषी ठरलेल्याला पुढे पद धारण करायला सिनेट मनाई करू शकतं, तीही एक आडकाठी.

जन्माच्या अटीमुळे मराठी वाचकांच्या ओळखीचं एक नाव कायमचं बाहेर राहतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार पुढे अमेरिकेचे नागरिक झाले, २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत उतरले आणि २०२२ साली काँग्रेसवर निवडून गेले. गव्हर्नर किंवा खासदार होण्यात त्यांच्या जन्मस्थळाची आडकाठी नाही. अध्यक्षपद आणि उपाध्यक्षपद मात्र त्यांना बंद आहे.

४. राज्य आपल्याकडून एखादी जादा पात्रता लावू शकतं का? उदाहरणार्थ, प्राप्तिकर विवरणपत्र दाखवा, नाहीतर नाव नाही?

कॅलिफोर्नियाने हे करून पाहिलं. जुलै २०१९मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सही केलेल्या कायद्यात अशी अट होती की प्राथमिक निवडणुकीत नाव हवं असेल तर उमेदवाराने पाच वर्षांची करविवरणपत्रं जाहीर करावीत. रोख ट्रम्प यांच्यावर होता हे सांगायला नको. एका संघराज्य न्यायाधीशाने कायद्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. कारण राज्याच्याच घटनेतलं होतं: देशभर मान्यता असलेल्या उमेदवारांना खुली प्राथमिक निवडणूक मिळालीच पाहिजे, असं ती घटना सांगते.

काँग्रेसच्या उमेदवारांबाबत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला होता. आर्कान्सासने आपल्या खासदारांवर कारकिर्दींची मर्यादा घातली होती, ती न्यायालयाने रद्द केली. घटनेत दिलेल्या पात्रता पूर्ण आहेत, राज्याने त्यांत भर घालू नये, हा त्या निकालाचा गाभा. अध्यक्षपदाला तोच तर्क लागू पडतो, असं बहुतेक कायदेपंडित मानतात.

५. मग हजारो सह्या आणि कडक मुदती या जादा पात्रता नव्हेत का?

न्यायालयं त्यांना निवडणूक सुरळीत चालवण्याचे नियम मानतात. कल्पना अशी की शेकडो नावांची मतपत्रिका कुणाच्याच उपयोगाची नाही, म्हणून उमेदवाराने थोडा तरी पाठिंबा दाखवावा. पण नियमाच्या नावाखाली दार बंद केलं, तर न्यायालय हस्तक्षेप करतं.

राज्याराज्यांतली तफावत पाहून थक्क व्हायला होतं. अपक्ष उमेदवाराला टेनेसीत २७५ सह्या पुरतात. टेक्सासमध्ये २०२४ साली १,१३,१५१ सह्या हव्या होत्या, त्याही त्या वर्षी प्राथमिक निवडणुकीत मत न दिलेल्या मतदारांच्या. कॅलिफोर्नियात आकडा दोन लाखांच्या वर जातो.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा ओहायोला रोखलं. १९६८ साली जॉर्ज वॉलेस यांच्या नव्या पक्षासाठी राज्याने गव्हर्नरच्या आदल्या निवडणुकीतल्या मतांच्या १५ टक्के इतक्या सह्या मागितल्या होत्या. ती अट रद्द झाली. १९८० साली जॉन अँडरसन अपक्ष म्हणून उतरले, पण ओहायोची मुदत २० मार्चलाच संपली होती. १९८३च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अध्यक्षपदाची निवडणूक राष्ट्रीय असल्याने एका राज्याच्या निर्बंधाचा परिणाम त्या राज्याबाहेरही होतो, म्हणून अशा वेळी राज्याचं हित तुलनेने कमी वजनाचं ठरतं. हे वाक्य लक्षात ठेवा. चाळीस वर्षांनी याच विचाराने कोलोरॅडोचा निकाल फिरला (प्रश्न १०).

मोठ्या पक्षांनाही मुदतींचा फटका बसतो. २०१२ साली व्हर्जिनियाच्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीसाठी १०,००० सह्या हव्या होत्या, शिवाय प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान ४००. न्यूट गिंगरिच स्वतः व्हर्जिनियात राहत होते, तरी त्यांचा अर्ज बाद झाला. रिक पेरी यांचाही झाला. मतपत्रिकेवर मिट रॉम्नी आणि रॉन पॉल ही दोनच नावं राहिली.

६. प्राथमिक निवडणूक आणि नोव्हेंबरची मुख्य निवडणूक, दोन्हींत राज्याचा अधिकार सारखाच असतो का?

नाही, आणि अनेकांची गल्लत इथेच होते. प्राथमिक निवडणुकीत पक्ष आपला उमेदवार निवडतो. मतपत्रिका राज्य छापत असलं, तरी उमेदवारी ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात कोणते प्रतिनिधी बसवायचे हे पक्षाच्या नियमांवर ठरतं. १९८१ साली विस्कॉन्सिनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाच्या बाजूने हे स्पष्ट केलं.

२०२४च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरने डेमोक्रॅटिक पक्षाने आखलेलं वेळापत्रक धुडकावून आधी मतदान घेतलं. जो बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच. मतदारांनी ते हाताने लिहिलं आणि बायडन जिंकले.

याच फरकावर बोट ठेवून मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये ट्रम्प यांचं नाव गाळावं अशी याचिका (प्रश्न ९) फेटाळली. प्राथमिक निवडणूक पक्षाचं अंतर्गत काम आहे, आणि अपात्र व्यक्तीचं नाव त्यात छापू नये असं राज्याचा कोणताही कायदा म्हणत नाही, असं कारण न्यायालयाने दिलं. मिशिगनमध्येही याचिका टिकली नाही. कोलोरॅडोचा कायदा वेगळा होता, त्यामुळे तिथला निकालही वेगळा लागला.

७. उमेदवार सरळसरळ अपात्र असेल, समजा वय २७ किंवा परदेशात जन्म, तर राज्य नाव गाळू शकतं का?

आजवरच्या निकालांनुसार हो. गयानात जन्मलेले आणि नंतर अमेरिकेचे नागरिक झालेले अब्दुल हसन यांना २०१२ साली कोलोरॅडोने मतपत्रिकेवर जागा नाकारली. ते अपील न्यायालयात गेले. घटनेने ज्याला पद धारण करायला मनाई केली आहे त्याचं नाव गाळण्यात राज्याचं रास्त हित आहे, असा निकाल लागला. तो लिहिणारे न्यायाधीश नील गॉर्सच पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ट्रम्प यांच्या खटल्यात हसन यांचंच प्रकरण वारंवार पुढे आलं.

त्याच वर्षी पीस अँड फ्रीडम पक्षाच्या पेटा लिंडसे यांचं नाव कॅलिफोर्नियाने गाळलं, कारण त्या २७ वर्षांच्या होत्या. २०१४ साली अपील न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. याच पक्षाने १९६८ साली उभे केलेले एल्ड्रिज क्लीव्हर ३३ वर्षांचे होते. कॅलिफोर्नियाने त्यांचं नाव छापलं नाही, काही राज्यांनी छापलं.

राज्य गाळू *शकतं* याचा अर्थ गाळतंच असा नाही. सोशालिस्ट वर्कर्स पक्षाचे रॉजर कॅलेरो यांचा जन्म निकाराग्वातला. २००४ आणि २००८ साली काही राज्यांनी त्यांचं नाव स्वीकारलं, तर काही राज्यांत पक्षाला त्यांच्या जागी दुसरं नाव द्यावं लागलं. पुष्कळ राज्यांत अधिकारी फक्त कागद पूर्ण आहेत की नाही एवढंच पाहतो, पात्रता तपासायचं काम कायद्याने त्याच्यावर टाकलेलंच नसतं.

८. आमची मुलगी न्यू जर्सीत जन्मली तेव्हा आम्ही दोघंही भारताचे नागरिक होतो. ती मोठी होऊन उभी राहू शकेल का? आणि पुतण्याचा जन्म पुण्यातला, पण त्याची आई जन्माने अमेरिकन आहे, त्याचं काय?

मुलगी अमेरिकेच्या भूमीवर जन्मली आणि जन्मापासून नागरिक आहे, तर रूढ समजुतीनुसार ती पात्र आहे. कमला हॅरिस यांचं उदाहरण समोर आहे. त्यांचा जन्म ओकलंडचा, आई मूळची भारतातली, वडील जमैकाचे, आणि २०२४ साली त्यांचं नाव पन्नासही राज्यांत छापलं गेलं.

पुतण्याचा प्रश्न अधिक बारीक आहे. आईमुळे त्याला जन्मताच नागरिकत्व मिळालं असेल, तर त्याची परिस्थिती टेड क्रूझ यांच्यासारखी आहे. क्रूझ कॅनडातल्या कॅलगरीत जन्मले, आई अमेरिकन. २०१६ साली अनेक राज्यांत त्यांच्याविरुद्ध हरकती आल्या. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने सविस्तर विचार करून त्यांना पात्र ठरवलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र या मुद्द्यावर कधीच निकाल दिलेला नाही. आई किंवा वडील नंतर नागरिक झाले आणि त्यामुळे मुलाला नागरिकत्व मिळालं, तर मात्र दार बंद.

९. कोलोरॅडोने ट्रम्प यांचं नाव काढायचं कारण काय होतं?

चौदाव्या घटनादुरुस्तीचं कलम ३. यादवी युद्धानंतर ते लिहिलं गेलं. पूर्वी पदावर असताना घटनेशी निष्ठेची शपथ घेतली आणि नंतर बंडात भाग घेतला, अशा माणसाला पुन्हा पद मिळू नये, हा हेतू. ही बंदी उठवायची तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. १८७२ साली काँग्रेसने दक्षिणेतल्या बहुसंख्य लोकांना माफी दिली, आणि मग हे कलम दीडशे वर्षं जवळपास निपचित पडून राहिलं.

६ जानेवारी २०२१ला ट्रम्प यांच्या समर्थकांनी संसदभवनावर केलेल्या हल्ल्याने ते जागं झालं. सप्टेंबर २०२३मध्ये कोलोरॅडोतल्या सहा मतदारांनी याचिका केली. हे मतदार रिपब्लिकन आणि अपक्ष होते. ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो त्या नॉर्मा अँडरसन रिपब्लिकन पक्षाच्याच माजी आमदार, वयाची नव्वदी ओलांडलेल्या. हे सगळं डेमोक्रॅटिक पक्षाचं कारस्थान होतं, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

जिल्हा न्यायाधीश सारा वॉलेस यांनी पुरावे ऐकले आणि १७ नोव्हेंबरला निकाल दिला: ट्रम्प यांनी बंडात भाग घेतला, पण कलमातल्या पदांच्या वर्णनात अध्यक्ष बसत नाही, म्हणून नाव राहील. १९ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा दुसरा भाग उलटवला. आदेशाला लगेच स्थगितीही दिली, म्हणजे वरच्या न्यायालयात अपील होईपर्यंत नाव छापलं जावं. २८ डिसेंबरला मेनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट शेना बेलोज यांनी तसाच निर्णय दिला. फेब्रुवारीअखेर इलिनॉयमधल्या एका न्यायाधीशांनीही.

१०. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकं काय ठरवलं?

४ मार्च २०२४ला, म्हणजे कोलोरॅडोच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, सर्व नऊ न्यायाधीशांनी कोलोरॅडोचा निकाल रद्द केला. मुद्दा असा: राज्याच्या पदांसाठी राज्य कलम ३ वापरू शकतं, पण संघराज्याच्या पदांसाठी, विशेषतः अध्यक्षपदासाठी, तो अधिकार राज्यांना नाही. चौदावी दुरुस्ती मुळात राज्यांच्या सत्तेला आवर घालण्यासाठी आली, तिच्याच आधाराने राज्यांना देशाच्या पदांवर नवा अधिकार कसा मिळेल, असा तर्क. शिवाय एकाच माणसाला एक राज्य पात्र मानतं, दुसरं अपात्र, पुरावे वेगळे, निकष वेगळे, काही ठिकाणी निर्णय निवडणुकीच्या तोंडावर. यातून ठिगळांची गोधडी होईल, ही भीती.

इथपर्यंत नऊही जण एकत्र होते. पुढचं पाऊल पाच जणांनी टाकलं. संघराज्याच्या पदांसाठी कलम ३ अमलात आणायचं तर त्याच दुरुस्तीच्या कलम ५ खाली काँग्रेसने कायदा करावा, असं ते म्हणाले. एमी कोनी बॅरेट यांना हे ठरवायची गरज वाटली नाही, आणि तसं त्यांनी वेगळं नोंदवलं. सोनिया सोटोमायोर, एलेना केगन आणि केतनजी ब्राऊन जॅक्सन यांनी अधिक कडक शब्दांत लिहिलं. समोर नसलेला प्रश्न बहुमताने उगाच सोडवला आणि भविष्यात एखाद्या बंडखोराला अडवायच्या वाटा बंद केल्या, असा त्यांचा आक्षेप होता.

माझं मत स्पष्ट सांगतो. पहिला भाग मला पटतो. राज्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर साऱ्या देशाची निवडणूक टांगलेली असू नये. पण दुसरा भाग मतदाराला रिकाम्या हाताने परत पाठवतो. घटनेत बंदी लिहिलेली आहे, राज्याला ती राबवता येत नाही, आणि काँग्रेस कायदा करत नाही. मग नॉर्मा अँडरसन यांच्यासारख्या नागरिकाने दाद मागायची कुठे? निकालात याचं उत्तर नाही.

११. म्हणजे ट्रम्प यांनी बंडात भाग घेतला नाही, असं न्यायालयाने म्हटलं का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्या मुद्द्याला हात लावला नाही. कोलोरॅडोच्या न्यायालयांचा तो निष्कर्ष त्याने खोडला नाही आणि उचलूनही धरला नाही. अध्यक्ष हे पद कलम ३ मध्ये येतं का, यावरही निकाल नाही.

१२. या कलमाखाली अलीकडे कुणाचं पद गेलं आहे का?

हो. न्यू मेक्सिकोतल्या ओटेरो काउंटीचे आयुक्त कूय ग्रिफिन ६ जानेवारीच्या जमावात होते. सप्टेंबर २०२२मध्ये राज्याच्या न्यायालयाने कलम ३ खाली त्यांचं पद काढून घेतलं. ट्रम्प यांच्या निकालानंतर दोनच आठवड्यांनी सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन यांचं अपील ऐकायला नकार दिला. स्थानिक पद राज्याच्या कक्षेत येतं, प्रश्न १० मध्ये दिलेली रेषा ती हीच.

१३. २०२४च्या निकालानंतर प्रश्न ७ मधला अधिकार उरला आहे का? आणि कुणी तिसऱ्यांदा उभं राहिलं तर?

प्रश्न ७ मधले निकाल रद्द झालेले नाहीत. २०२४चा निकाल शब्दशः कलम ३ पुरताच आहे. वय आणि जन्मस्थळ कागदावर दिसतं, बंडातला सहभाग साक्षीपुराव्याने ठरवावा लागतो, हाही फरक आहे.

तिसऱ्या कारकिर्दीबाबत दोन्ही बाजूंनी बोलता येतं. २०२४च्या निकालाचा मोठा आधार चौदाव्या दुरुस्तीचं कलम ५ होता, आणि बाविसाव्या दुरुस्तीत तसं कलमच नाही. दोनदा निवडून आल्याची गोष्ट कुणाला सिद्ध करावी लागत नाही. त्यामुळे राज्यांना नाव गाळता यावं, असं मला वाटतं. उलट बाजूने ठिगळांची भीती पुन्हा पुढे केली जाईल: काही राज्यं नाव छापतील, काही गाळतील. सर्वोच्च न्यायालयाने यावर काहीही ठरवलेलं नाही. उपाध्यक्ष होऊन मागच्या दाराने येण्याच्या कल्पनेवरही वाचक विचारतात. अध्यक्षपदाला घटनेने अपात्र असलेला माणूस उपाध्यक्षपदालाही अपात्र, असं १८०४ची बारावी दुरुस्ती सांगते. वाद आहे तो 'निवडून येणं' आणि 'पद धारण करणं' यांत घटनेने केलेल्या फरकावर.

१४. गुन्हा सिद्ध झालेला किंवा तुरुंगात असलेला माणूस उभा राहू शकतो का?

राहू शकतो, कारण घटनेत तशी मनाई नाही आणि राज्याला ती घालता येत नाही (प्रश्न ४). युजीन डेब्स यांनी १९२० साली अटलांटाच्या तुरुंगातून निवडणूक लढवली आणि नऊ लाखांहून अधिक मतं मिळवली. २०१२ साली टेक्सासमधल्या तुरुंगातल्या एका कैद्याने वेस्ट व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत ओबामांविरुद्ध सुमारे ४१ टक्के मतं घेतली. मे २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं, त्याने त्यांच्या उमेदवारीला बाधा आली नाही. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली शिक्षेनंतरची अपात्रता डोक्यात ठेवून पाहिलं, तर हे अजब वाटणं स्वाभाविक आहे.

१५. उमेदवारालाच नाव काढून हवं असेल तर?

तेव्हाही राज्याचा कायदाच बोलतो. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी ऑगस्ट २०२४मध्ये प्रचार थांबवला आणि चुरशीच्या राज्यांतून नाव काढायची विनंती केली. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. त्यामुळे छापून झालेल्या लाखो मतपत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांनी नकार दिला, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तिथे हस्तक्षेप केला नाही. गंमत अशी की त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका न्यायाधीशांनी त्यांचं नाव गाळलं होतं, कारण अर्जावरचा पत्ता त्यांचा खरा राहता पत्ता नाही असं ठरलं होतं. एकच उमेदवार, एकच उन्हाळा, आणि तीन तऱ्हा.

प्राथमिक निवडणूक हरलेल्याला दुसऱ्या पक्षातर्फे उभं राहू न देणारे कायदेही अनेक राज्यांत आहेत. २०१२ साली गॅरी जॉन्सन यांनी मिशिगनच्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीतून माघार घ्यायला काही मिनिटं उशीर केला, आणि नोव्हेंबरात लिबर्टेरियन उमेदवार म्हणून त्यांचं नाव त्या राज्यात आलं नाही.

१६. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराचं नावच एखाद्या राज्यात नव्हतं, असं कधी झालं आहे का?

झालं आहे. १९१२ साली अध्यक्षपदावर असलेल्या विल्यम टाफ्ट यांचं नाव कॅलिफोर्नियात नव्हतं. तिथल्या रिपब्लिकन पक्षावर थिओडोर रूझवेल्ट यांच्या गटाचा ताबा होता. १९४८ साली डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरी ट्रूमन अलाबामात नव्हते, तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या नावावर स्ट्रॉम थर्मंड उभे होते. १९६४ साली डेमोक्रॅटिक उमेदवार लिंडन जॉन्सन यांचंही नाव अलाबामात नव्हतं. गोऱ्यांच्या वर्चस्वाला धक्का देणाऱ्या उमेदवाराला मतदारापर्यंत पोचूच द्यायचं नाही, हा १९४८ आणि १९६४च्या प्रकारांचा उघड हेतू होता. राज्यांच्या अधिकाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

अब्राहम लिंकन यांचं नाव १८६० साली दक्षिणेतल्या दहा राज्यांत नव्हतं, हे खरं आहे, पण त्यांना कुणी 'गाळलं' नव्हतं. तेव्हा मतपत्रिका पक्षच छापून वाटत. त्या राज्यांत लिंकन यांच्या पक्षाची मतपत्रिका वाटणारं कुणी नव्हतं. सरकारने छापलेली मतपत्रिका १८८८नंतर रूढ होत गेली, आणि त्यानंतरच नाव छापायचं की नाही हा अधिकार राज्याकडे आला.

१७. नाव छापलेलं नसेल तर मतदार ते हाताने लिहू शकतो का?

राज्यावर अवलंबून आहे. बऱ्याच ठिकाणी लिहिता येतं, पण मत मोजलं जावं म्हणून उमेदवाराने आधी नोंदणी केलेली असावी लागते. हवाई, ओक्लाहोमा आणि साउथ डकोटात लिहिताच येत नाही. हवाईची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली वैध ठरवली. कोलोरॅडोच्या डिसेंबर २०२३च्या आदेशात ट्रम्प यांच्या नावाने लिहिलेली मतं मोजू नयेत असंही म्हटलेलं होतं.

१८. अपात्र माणूस निवडून आलाच, तर पुढे काय?

विसाव्या घटनादुरुस्तीत याची सोय आहे. निवडून आलेला अध्यक्ष पात्र ठरला नाही, तर नवा उपाध्यक्ष काम पाहतो. पात्र नाही हे ठरवायचं कुणी, ते दुरुस्तीत लिहिलेलं नाही. व्यवहारात तो प्रसंग ६ जानेवारीला, निर्वाचकांची मतं काँग्रेससमोर मोजताना येईल. २०२२च्या कायद्यानुसार तिथे हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांतल्या किमान एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. पूर्वी प्रत्येकी एक सदस्य पुरत असे.

काँग्रेसने निर्वाचकांची मतं नाकारल्याचा दाखला आहे. १८७२ची निवडणूक हरलेले होरेस ग्रीली निर्वाचकांच्या मतदानाआधीच वारले. जॉर्जियाच्या तीन निर्वाचकांनी तरीही त्यांना मत दिलं, आणि ती तीन मतं काँग्रेसने मोजली नाहीत.